पाताळगंगेचं उसनं पाणी

पाताळगंगा हे नाव या नदीला तसं शोभत नाही. उन्हाळ्यात तिला वाहतं ठेवणारं पाणी पाताळातून येत नाही, उलट पाचशे मीटर उंचीवरून, घाटमाथ्यावरून, लोखंडी पाइपांतून खाली येतं. तेही आधी वीज तयार करून. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कित्येक नद्यांच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत असतात, तेव्हा ही आपली वाहतेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, नवी मुंबईत राहून तुला खोपोलीच्या नदीचं काय पडलंय? तर, मी नवीन पनवेलला राहतो. न्हावा-शेवा पाणीपुरवठा योजना पाताळगंगेतून पाणी उचलते, भोकरपाड्याला ते शुद्ध होतं आणि आमच्या पनवेल परिसरात येतं. बग सापडला की आपण स्टॅक ट्रेस बघत वर वर जातो ना, तसं या पाण्याच्या मागे एका शनिवारी वरपर्यंत जायचं ठरवलं. सकाळी एसटीने खोपोली, दिवसभर पायी, संध्याकाळी परत. वाट अगदी गोल नाही, आठच्या आकड्यासारखी आहे: एक फेरा गावातून घाटाकडे, दुसरा नदीच्या बाजूने.

सुरुवात स्टेशनपासून करा. आज हे लोकलचं शेवटचं स्टेशन वाटतं, पण १८५६ मध्ये मुंबईहून आलेली आगगाडी इथेच संपायची. इंग्रज याला कॅम्पुली म्हणायचे. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट बाकी होता. म्हणजे मुंबईहून गाडीने खोपोली, तिथून पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने घाट, आणि वर पुन्हा गाडी! घाटातलं काम संपायला १८६३ उजाडलं. ऐन कामात असताना इथे चाळीस हजारांवर मजूर होते, आणि पटकी-तापाने त्यातले हजारो गेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये आल्या आल्या काही आठवड्यांत मेला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते कंत्राट पुढे चालवलं. (हिच्यावर कोणीतरी सिनेमा काढायला हवा.) पण नवा मार्ग पळसदरीहूनच वर चढला आणि खोपोली फाट्यावर पडली.

बाजारातून पुढे गेलं की नाना फडणविसांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ आणि तलाव लागतो. घाट चढण्याआधी माणसाजनावरांनी पाणी प्यायचं ते इथे. पुढे जुना पुणे रस्ता, जो गाड्यांसाठी १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला. चालताना कडेने चाला, वळणावर गाड्या अंगावर येतात. वर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि वाट दाखवून झाल्यावर इंग्रजांनी त्यालाच गोळी घातली, अशी कथा आहे. इतिहास म्हणून ती सिद्ध करणं अवघड आहे. पण इतके मजूर गेले त्या घाटात मला त्यांच्या नावाचा एक दगड दिसला नाही, आणि शिंग्रोबापुढे मात्र ड्रायव्हर आजही नाणं टाकतात. लोकांनी आपल्या परीने स्मारक केलंय असं मी समजतो.

याच रस्त्यावरून ते पाइप दिसतात. डोंगराच्या अंगावर सरळ खाली उतरलेले, दुरून बारीक, जवळून अजस्र.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. लोणावळ्याला चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि शेजारीच अर्धा किलोमीटरची उभी उतरण. जमशेटजी टाटांना हे पाणी दिसत होतं, पण ते १९०४ मध्ये गेले. कंपनी १९१० मध्ये निघाली, १९११ मध्ये वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. महायुद्ध सुरू असताना! नंतर भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) आले. भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं, आणि तिथे १९२१ ते १९२४ सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. मुळशीचा धडा आपण शाळेत वाचतो. वळवण आणि शिरवत्याखाली गेलेल्या शेतांचं नाव कोणी काढत नाही.

वीजगृहात बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून आतलं काम कागदावरच करून बघू. पाणी पाचशे मीटर खाली आलं की नळीच्या तोंडाशी दाब होतो पन्नास वातावरणांएवढा. नोझलमधून सुटणारी धार, घर्षण सोडलं तर, ताशी साडेतीनशे किलोमीटरने पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते. एक हजार लिटर पाण्यातून मिळते साधारण सव्वा युनिट वीज. म्हणजे तुमच्या बेडरूमचा दीड टनी एसी एखादा तास. बस्स.

वीज देऊन उरलेलं ते अवजल. तेच पाताळगंगेत येतं. इथून वाटेचा दुसरा फेरा: नदीकाठ, गगनगिरी महाराजांचा आश्रम, मग झेनिथचा धबधबा. पाइप बनवणाऱ्या कारखान्यावरून धबधब्याला नाव पडावं, यातच खोपोली आली. (पावसाळ्यात तिथे पाण्यात उतरू नका, लोंढा अचानक येतो.)

या बारमाही पाण्याच्या भरवशावर खाली सगळं उभं राहिलं. रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, जी १९६० मध्ये स्थापन झाली. तिचा रसायनीचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१७ मध्ये झाला. पाताळगंगा एमआयडीसीत रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना, १९८२ पासून. आणि आमचे नळ. नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरण पाताळगंगेच्याच धावरी या उपनदीवर आहे, पण ते पाणी पावसाचं स्वतःचं, उसनं नाही.

उसनं कुणाचं, तर भीमेचं. वळवण, शिरवता, लोणावळा हे तलाव इंद्रायणीच्या खोऱ्यात आहेत. इंद्रायणी भीमेला, भीमा उजनीला, आणि तिथून सोलापूर. टाटांच्या तिन्ही वीजगृहांसाठी मिळून भीमेच्या खोऱ्यातलं सुमारे ४२ टीएमसी पाणी कोकणात उतरतं. दुष्काळ पडला की मागणी होते, ही वीज बंद करा आणि पाणी पूर्वेला सोडा. १९१५ मध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण वीज करायला दुसरा स्वस्त मार्ग नव्हता. आज वीज सूर्यापासून होते, पाणी होत नाही. म्हणून मागणी मला खोटी वाटत नाही. पण ही वीजगृहं काही मिनिटांत सुरू होतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली तेव्हा ती सावरायला हेच जलविद्युत संच कामी आले. शिवाय शंभर वर्षांत खाली एक अख्खी वस्ती त्या अवजलावर जगायला शिकलीये. पाइप बंद केले तर फक्त दिवा जाणार नाही, नळही जाईल. पूर्ण बंद नको, पण कमी पावसाच्या वर्षी आधी भीमेला आणि मग विजेला, असं मला वाटतं. तेही आमच्या पिण्याची दुसरी सोय लागल्यावरच. स्वार्थी आहे, माहीत आहे.

सोमवारी ऑफिसात हे सगळं मोहोळच्या एका मित्राला उत्साहाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आमचं पाणी तुम्ही पिता."

मी त्याला एक हजार लिटरचा हिशोब सांगितला.

"एक तास एसी?" तो म्हणाला, आणि वर बघून ऑफिसचा एसी किती वर लावलाय ते बघायला लागला.