दारू सोडताना योग: केव्हा आणि कसा?

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 48 तासांत हात थरथरतात, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रमही होतो. यात जीव जाऊ शकतो. मोहाची दारूही याला अपवाद नाही. तेव्हा आसने नव्हे, औषधे लागतात. जव्हारचे कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा.

योगाचे काम त्यानंतरचे. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्रातही समुपदेशनाच्या जोडीला योग असतो.

रोज: सकाळी 15 मिनिटे ताडासन, अनुलोम-विलोम, शवासन. झोप सुधारते, चिडचिड कमी होते.

तलफ आल्यास: बसा, श्वास सावकाश सोडत राहा. तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते.

टाळा: फिट किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास कपालभाती करू नका, श्वास रोखू नका.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार असाल, तर औषधे सोबत न्या. योगाला जागा चटईपुरतीच लागते. घरच्यांनो, टोमणे न मारता शेजारी बसून तुम्हीही करा. पुन्हा प्यायल्यास लपवू नका, लगेच डॉक्टरांना भेटा. मोफत सल्ल्यासाठी हेल्पलाइन: 14446.