पानातलं रक्त

मंडळी, आज थोडा परळचा इतिहास आणि थोडा आमच्या घरचा.

माझी आजी लालबागच्या चाळीत राहायची. तिची धाकटी बहीण १९३४ साली पहिल्या बाळंतपणात गेली. आजी सांगायची, "पोर पांढरी फटक पडली होती गं. जिना चढली की धाप लागायची." पालेभाजी बाधते म्हणून घरातल्या मोठ्यांनी तिला ती बंद केली होती. ताट वाढायचं काम आजीकडे होतं.

आता गंमत पाहा, खरं तर गंमत नव्हेच. त्या चाळीतून वीस मिनिटं चालत गेलं की परळची हाफकिन संस्था. गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यातली, प्लेगच्या लशीमुळे नावारूपाला आलेली. तिथे १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई आल्या. मुंबईतल्या गरीब बायका गरोदरपणात रक्त कमी होऊन का दगावतात, हे शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. या बायकांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या, पण आकाराने मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या दिसत.

बाईंनी जंतू शोधण्याबरोबर या बायकांची ताटंही पाहिली. तसाच निकृष्ट आहार उंदरांना देऊन पाहिला, पुढे माकडांवरही प्रयोग केले. यीस्टचा अर्क दिला की रक्त सुधारतं, असं आढळलं. मार्माइट नावाने मिळणारा हा अर्क स्वस्त होता. रुग्ण बायकांनाही तो दिला आणि त्या बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. अर्कात नेमकं काय आहे ते कळलं नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

त्याचं नाव पडलं १९४१ साली. अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, म्हणून ते फॉलिक आम्ल. पुढे १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं. ते काम येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या तेलुगू माणसाच्या हाताखालच्या मंडळींनी केलं. नवी पेशी घडायला हे द्रव्य लागतंच, आणि पोटात बाळ असलं की त्याची गरज वाढते.

१९७६ साली मी बाळंतपणासाठी माहेरी आले, तेव्हा दवाखान्यातून लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. आजीने विचारलं, "कसली गं ही गोळी?" डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच मी सांगितलं, "रक्ताची. पालकासारख्या पानात असतं ते औषध."

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि आम्ही तिचं पान बंद केलं."

मी तिला काय सांगणार? त्या बहिणीला नेमका कोणता पंडुरोग होता, ते कोणी तपासलंच नव्हतं. लोह कमी असेल, मलेरिया असेल. नुसत्या भाजीने ती वाचली असती, असं म्हणता येत नाही. पण शोध छापून तीन वर्षं झाली होती, आणि वीस मिनिटांच्या वाटेवरून तो आमच्या चाळीचा जिना चढला नव्हता. आजीने मात्र सगळा दोष आपल्या वाढण्याला लावून घेतला होता. "तू सांगितलं तसं वाढलंस," एवढंच मी म्हणाले.

असो. पालक, मेथी, चवळी, माठ घरात येऊ द्या. फार शिजवू नका आणि शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, अर्धं द्रव्य त्यातच जातं. आणि पोरगी पांढरी दिसली तर भाजीवर भागवू नका. आधी रक्त तपासून घ्या. बी-१२ कमी असेल तर नुसत्या फॉलिकने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचा आजार आत वाढत राहतो.

आमच्या घरी गरोदर सुनेच्या ताटात पालेभाजी आजही पहिली वाढतात. ती पद्धत आजीने त्या दिवसापासून घातली.