तीस मात्रांची वाट

मकरसंक्रांतीची पहाट. जबलपूरच्या ग्वारीघाटावर, सर्वांत खालच्या कोरड्या पायरीवर तुम्ही बसला आहात. नर्मदेवर धुकं इतकं दाट आहे की पलीकडच्या काठावरचा गुरुद्वारा दिसत नाही. शेजारी नागपूरकडच्या परिक्रमावासींचा एक गट गाठोडी सोडतोय आणि ‘नर्मदे हर’ म्हणत एकमेकांना चहाचे पेले देतोय. मराठी बोलणं कानावर पडल्यामुळे आपण घरापासून लांब आलोय असं वाटतच नाही.

मग धुक्यातून एक आवाज येतो. ढोलक नाही, झांज नाही. बायका आहेत, वाट चालून आलेल्या. एकीनं ओळ उचलली आहे आणि ती खाली ठेवायला तयार नाही. स्वर लांबतो, वर चढतो, थरथरतो. तिचा श्वास सरायच्या बेताला आला की दुसरी नेमकी तिथूनच ओळ उचलते. एवढ्या लांब ओळीत सांधा कुठं पडला ते कळत नाही. याला इथं लमटेरा म्हणतात, कुणी बंबुलिया म्हणतं. लमटेरा म्हणजे लांब टेर, लांब हाक. बुंदेलखंडातून आणि महाकोशलातून नर्मदेच्या स्नानाला पायी येणाऱ्यांचं हे गाणं. त्याला ताल नाही असं वाटतं, पण ताल त्यांच्या पायांत आहे. पाय थांबले तेव्हा कुठं तो तुमच्या लक्षात आला.

गाण्याच्या सुराला चाल म्हणणारी आपली भाषा. या घाटावर त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात.

धुकं विरायला अजून तास-दीड तास आहे. तेवढ्या वेळात तुम्हाला बरंच मागं जायचं आहे.

पहिलं पाऊल पडतं ते १८ सप्टेंबर १८५७ या दिवशी. तुम्ही जबलपुरातच, एजन्सी हाउससमोरच्या गर्दीत उभे आहात. समोर तोफा. त्यांच्या तोंडाशी बांधलेत गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्याचे शंकर शाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथ शाह. राज्य कधीच गेलेलं आहे, नावापुढचा ‘राजा’ तेवढा उरला आहे. गर्दीतले गोंड शेतकरी त्या नावाकडेच बघताहेत.

पुरावा काय, म्हणून तुम्ही शेजाऱ्याला विचारता. तो म्हणतो, कविता.

ती तुम्हाला बघायला मिळाली तर नीट बघा. राजाच्या अंथरुणापाशी, पंखा ठेवायच्या रेशमी पिशवीत सापडलेला एक कागद. त्याची एक बाजू छापील: मेरठच्या उठावानंतर सरकारनं काढलेला जाहीरनामा. आणि कोऱ्या बाजूवर हातानं लिहिलेली देवीची प्रार्थना. फिरंग्यांचा संहार कर, असं चंडिकेला घातलेलं साकडं. पाठीमागच्या छापील ओळी शाईतून पुसट उमटून आल्या असतील. सरकारचा हुकूम आणि त्याचं उत्तर, एकाच कागदाच्या दोन अंगांवर. ही प्रार्थना छंदात होती, म्हणायची होती, देवीपुढं हात जोडून गायची होती. कमिशनर अर्स्किन यांच्या अहवालात ती गेली ती इंग्रजी होऊन. भाषांतराची याहून निर्दय गोष्ट मला माहीत नाही. चाल काढून घेतली, लय काढून घेतली, भक्ती काढून घेतली आणि उरलेल्या अर्थावर माणसं तोफेच्या तोंडी दिली.

तोफा उडतात. त्याच रात्री ५२व्या पलटणीचे शिपाई छावणी सोडून निघून जातात. तुम्हीही तिथं थांबू नका.

आता १९३०च्या पुढचा काळ. तुम्ही दहा वर्षांचे आहात. गोलबाजाराच्या बाजूला एका मराठी बिऱ्हाडात, मागच्या खोलीत, गोधडीत. घरात बोलणं मराठी, पण आई भाजीवाल्याशी बोलते ते बुंदेली वळणाचं, आणि तुम्ही भांडता ते पूर्ण हिंदीत. पहाटे दारात कुणीतरी गातंय. आजी सूप घेऊन उठते. ‘ऊठ रे, वासुदेव आलाय.’

तुम्ही डोळे चोळत बाहेर येता. तो वासुदेव नाही. मोरपिसांची टोपी नाही, चिपळ्या नाहीत. याच्या डोक्यावर श्रीकृष्णाची मूर्ती आहे, अंगावर पिवळं वस्त्र, हातात चुटकी आणि पैंजण. हा बसदेवा. याच लोकांना हरबोले म्हणतात, आणि श्रावणकुमाराची कथा गातात म्हणून सरमन गायकही म्हणतात. सोबतचा दुसरा सारंगीवर सूर धरून आहे. आजीला मात्र हे सगळे फरक मंजूर नाहीत. पहाटे येतो, देवाचं नाव घेतो, दान मागतो, तो वासुदेव. नाव तरी काय, बसदेवा! ती सुपातलं धान्य त्याच्या झोळीत ओतते आणि दाराबाहेर वाकून नमस्कार करते. जन्मभर दोन भाषांत राहिलेल्या बाईला अशी गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

या हरबोल्यांच्या तोंडी आणखीही एक कथा आहे, झाशीच्या राणीची. ती शहरातल्या एका घरात पोचली आहे. सुभद्राकुमारी चौहान इथं जबलपुरात राहतात. १९२३ साली याच शहरात सुरू झालेल्या झेंडा सत्याग्रहात त्या उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. १९३० साली त्यांचा ‘मुकुल’ हा संग्रह आला. राणीवरची त्यांची कविता आता शाळेशाळेत पाठ होते आहे. तिच्या ध्रुवपदातच त्यांनी सांगून टाकलं आहे की ही कहाणी आम्ही बुंदेल्या हरबोल्यांच्या तोंडून ऐकली. पहाटे दारात येऊन धान्य मागणाऱ्या माणसाचं ऋण एवढं उघड, दर कडव्याला, किती कवींनी मान्य केलं असेल?

तुम्ही ती कविता घरात खड्या आवाजात म्हणता. आजी कान देऊन ऐकते, कारण राणी तिच्या माहेरची असल्यासारखी आहे: तांब्यांची मुलगी, काशीला जन्मलेली मणिकर्णिका. आजोबांकडे गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आहे, वेढ्याच्या दिवसांत प्रत्यक्ष झाशीत असलेल्या माणसानं लिहिलेला, १९०७ साली छापलेला. मुंगावलीला जन्मलेल्या भा. रा. तांब्यांनी ग्वाल्हेरच्या समाधीवर मराठीत कविता लिहिली, तीही त्यांना पाठ आहे. पण आज ते शब्द ऐकत नाहीत. जेवणाच्या पाटावर त्यांची बोटं वाजताहेत.

‘परत म्हण,’ ते सांगतात. ‘हळू.’

तुम्ही म्हणता. ते एकेक मात्रा बोटांच्या पेरांवर मोजतात. सोळा. किंचित थांबा. चौदा. एकूण तीस. आणि तीसनंतर दोन मात्रा रिकाम्या, तिथं श्वास. ते पुन्हा पाटावर थाप देतात आणि तुम्हाला ऐकू येतं: आठ-आठ मात्रांची चार आवर्तनं, आणि शेवटच्या आवर्तनाच्या टोकाला तेवढी दम घ्यायची जागा. पाटाची ढोलकी झालेली असते.

‘अरे, ही तर लावणी!’

आजी चपापून स्वयंपाकघरात निघून जाते. लावणी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर जे येतं ते या घरात बोलायचं नसतं. पण आजोबांचं बरोबर आहे. हिंदी छंदशास्त्रात या तीस मात्रांच्या, सोळा-चौदाच्या बांधणीचं नावच लावनी आहे. शेवटी तीन गुरू अक्षरं आली की तिलाच ताटंक म्हणतात. बुंदेलखंडाची वीरगाथा म्हणजे आल्हा, महोब्याच्या आल्हा-ऊदलची. त्याच्या छंदात सोळा-पंधरा, एक मात्रा जास्त. त्या एका मात्रेनं आल्ह्याची ओळ पुढं झेपावते, थांबू देत नाही. सुभद्राकुमारींची ओळ थांबते, श्वास घेते आणि मग ध्रुवपदाकडं वळते. मराठी घरातल्या राणीची कथा बुंदेली कंठातून आली, हिंदी शब्दांत बसली, आणि पायांत तिनं लावणीचे चाळ बांधले. कवयित्रीनं ठरवून असं केलं, असं मी म्हणणार नाही. तोवर लावनी हिंदीची स्वतःची झालेली होती, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं.

ती कशी झाली ते बघायला आणखी मागं चला. सागरच्या मराठ्यांनी १७८१ साली गढा-मंडला घेतला. १७९८मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७च्या डिसेंबरात इंग्रजांकडे. म्हणजे जेमतेम छत्तीस वर्षं. राज्यकारभार म्हणून त्यांचं फारसं कौतुक करावं असं नाही. करवसुलीखाली इथली गावं भरडली गेली. पण तुम्ही रात्रीच्या वेळी गढ्याच्या छावणीत शेकोटीपाशी बसा. डफ कडकडीत होईपर्यंत कुणीतरी जाळावर शेकतंय. तुणतुण्याची तार पिळतंय. शेकोटीच्या उजेडाबाहेर, अंधारात, इथली माणसं ऐकत उभी आहेत. त्यांना शब्द कळत नाहीत. पायाचा अंगठा मात्र मातीवर हलतो आहे.

उत्तरेतले लावनीबाज कलगी-तुऱ्याची जी गोष्ट सांगतात, तिच्यातही हीच सरमिसळ आहे. तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांचा सवाल-जबाब रंगला, आणि चंदेरीच्या राजानं खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. आपल्याकडे कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची. गोसावी, फकीर, बुंदेलखंडातला राजा आणि मराठी डफ. आपलं काय आणि त्यांचं काय, हे वेगळं काढायला गेलात तर हातात तुटकी तार येईल.

परतीच्या वाटेवर रेल्वेनं मैहरला क्षणभर उतरा. १९१८च्या सुमारास इथं अल्लाउद्दीन खाँसाहेब अनाथ पोरांना गोळा करून वाद्यवृंद बसवताहेत. व्हायोलिन आहे, चेलो आहे, सतार आहे, आणि बंदुकीच्या नळ्या कापून केलेलं नलतरंग आहे. बंगालात जन्मलेल्या उस्तादानं बंदुकीच्या लोखंडातून राग काढला. तुम्ही नुकतेच तोफांपासून आलेले आहात, म्हणून सांगितलं.

आणि आता नर्मदेच्या वरच्या अंगाला, १९४०च्या दशकात, पाटणगढ. साजाच्या झाडाखाली एक परधान बसला आहे. गोंडांचा हा पिढीजात भाट. मांडीवर बाना, तीन तारांचं गजवाद्य, तारा घोड्याच्या केसांच्या. जवळ सरका. गज फिरला की आधी स्वर येत नाही, खरखर येते, जणू कुणी घसा साफ करतंय. आणि त्या खरखरीच्या पोटातून स्वर वर येतो. साजाच्या झाडात बडादेव राहतो. तो रुसला तेव्हा गोंड भावांतल्या धाकट्यानं बाना वाजवून त्याला मनवलं, तेव्हापासून परधानांकडे गाणं आलं, अशी त्यांची कथा. गोंड यजमानाच्या दारी ते जातात, त्याच्या कुळाची गाणी गातात आणि दान घेऊन येतात.

ऐकणाऱ्यांत शामराव हिवाळे आहेत. महाराष्ट्रातला ख्रिस्ती तरुण. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात व्हेरियर एल्विनशी गाठ पडली आणि १९३२ साली दोघं या मैकल डोंगरात आले. गाणी ऐकायची, उतरवून घ्यायची, इंग्रजीत न्यायची. दोघांचा ‘मैकल टेकड्यांतील लोकगीतं’ हा संग्रह १९४४चा, हिवाळ्यांचं परधानांवरचं पुस्तक १९४६चं. एल्विनचं नाव सगळ्यांना माहीत असतं. हिवाळ्यांचं मराठीतही फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १८५७मध्ये इथल्या गोंडांची कविता इंग्रजीत गेली ती फासासारखी. नव्वदेक वर्षांनी, त्याच मुलखातली गाणी एका मराठी माणसानं इंग्रजीत नेली, गाणाऱ्यांच्या शेजारी घर बांधून, त्यांच्या आजारपणात औषधं देऊन. पानावर बान्याची खरखर येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल?

ती खरखर पुढं भलत्याच ठिकाणी उमटली. याच पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या परधान तरुणाला १९८१मध्ये जे. स्वामिनाथन यांच्या चमूनं हेरलं आणि भोपाळच्या भारत भवनात नेलं. बान्यावर गायले जाणारे देव त्यानं रंगांत काढले. त्याच्या चित्रातल्या हरणाच्या अंगावरचे ते ठिपके आणि बारीक रेघा बघा. ती भरण नव्हे, तो ठेका आहे.

धुकं उठतंय. तुम्ही ग्वारीघाटावर आहात. पलीकडचा गुरुद्वारा आधी पांढरा डाग, मग घुमट, मग पायऱ्या असा उगवून येतो. स्नान आटोपून बायका ओल्या लुगड्यांनिशी तुमच्या पायरीशेजारी येऊन बसल्या आहेत. एकीनं टोपल्यातले तिळाचे लाडू काढून तुमच्या हातावर ठेवले. खाऊन होतंय तोच ती म्हणते, ‘भैया, कछू तुमई गाओ.’

तुम्हाला लमटेरा येत नाही. आठवते ती आजीची जात्यावरची ओवी. जातं नाही, दळण नाही, आवाज बसलेला, तरी तुम्ही सुरू करता. पहिला चरण निघतो, दुसरा निघतो. नदीवरच्या गारठ्यात श्वास पुरत नाही आणि तिसऱ्या चरणाच्या मध्यावर तो संपतो.

शेजारची बाई शब्द न कळता, तिथूनच, तुमचा सूर उचलते.