काकूची पाटी

इंदूरच्या मराठी वाड्यांबद्दल लिहिताना होळकर येतात, गणेशोत्सव येतो, पोहे-जिलबी तर येतेच. कोणी कोणाला सांभाळलं, ते राहून जातं.

1979 साली आमच्या काकांच्या स्कूटरला ट्रकचा धक्का लागला. हेल्मेट तेव्हा कोण घालत होतं! दीड महिन्यानं घरी आले ते हातपाय धड, बोलणंही ठीक. पण सकाळचं दुपारी आठवेना. आंघोळीला गेले की भरल्या बादलीसमोर बसून राहायचे. आधी काय, मग काय, हा क्रमच तुटला होता. आणि राग, जो मूळचा नव्हताच. पाहुणे म्हणत, "आता बरे दिसतात की!"

घरात रोजचा दिवस कसा काढायचा हे सांगणारं कोणी भेटलं नाही. काकूनं आपल्या मनानंच सगळं बसवलं. दाराशी पाटी: आज वार कोणता, कोण बाहेर गेलंय, गोळी घेतली का. न्हाणीघरात तांब्या, साबण, पंचा, बनियन वापरायच्या क्रमानं ओळीत. किल्ली एकाच खिळ्याला. "हातात देऊ नका रे, पुढचं काय ते त्यांनाच विचारा," असं ती आम्हा मुलांना बजावायची. आजचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट याहून फार वेगळं सांगत नाहीत.

नंदलालपुऱ्याहून भाजी काकाच आणत. एकच रस्ता, एकच भाजीवाली. चिठ्ठी ती वाचून घ्यायची, उरलेले पैसे त्यातच गुंडाळून द्यायची. वाट चुकले तर गल्लीतलं कोणीही हाक मारी, "काकाजी, घर इधर है!"

1994 मध्ये वाडा पाडला. सुदामानगरच्या घरी पाटी आली, खिळाही ठोकला. गल्ली कुठून आणणार? पहिल्याच आठवड्यात काका दोनदा हरवले, मग एकटे बाहेर पडले नाहीत.

1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. काका कुठल्या रकान्यात बसणार? "मनोरुग्ण लिहू का?" असं खिडकीवर विचारलं, तशी काकू कागद घेऊन परत आली. 2016 च्या कायद्यात प्रकार 21 झाले, पण डोक्याला मार लागून आलेलं अपंगत्व तिथंही वेगळ्या नावानं नाही. मेंदूच्या जुनाट विकारांत वगैरे बसवून घ्यावं लागतं.

नातेवाईक काकूला अजून 'सोशिक' म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. काका 2000 मध्ये गेले. त्या 21 वर्षांत ती देवासला माहेरी एक रात्र राहिली नाही, कारण काकांजवळ झोपायला घरातला एकही पुरुष कधी पुढे आला नाही.