शेजाऱ्याला झुरळ म्हणणारा रेडिओ



आपल्या रेडिओवर आपण पीकपाणी, आरोग्य, बचत गटाचे हिशोब असं बरंच काही ऐकतो. आज मी तुम्हाला दुसऱ्याच एका रेडिओविषयी सांगणार आहे. त्या रेडिओने माणसं मारायला लावली. त्यामागचा सगळा कारभार कागदोपत्री उघड केला तो इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका बाईने. त्यांचं नाव ॲलिसन देस फोर्ज.

ॲलिसनबाई अमेरिकेच्या. जन्म १९४२चा. बफेलो नावाच्या शहरात त्यांचा संसार, दोन मुलं. पण अभ्यासाला त्यांनी निवडला आफ्रिकेतला रवांडा देश. आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले तर साधारण तेवढा हा देश. सगळीकडे टेकड्या आणि टेकड्यांवर शेती. रवांडाच्या राजदरबाराच्या इतिहासावर प्रबंध लिहून ॲलिसनबाईंनी १९७२ साली येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तिथली भाषाही त्या शिकल्या.

त्या देशात हुतू आणि तुत्सी असे दोन मोठे समाज. भाषा एक, देवधर्म एक, टेकडी एक. एकमेकांत लग्नंही होत. बेल्जियमचं राज्य आलं तेव्हा, १९३०च्या दशकात, गोऱ्या साहेबांनी प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापून टाकलं. शाळा आणि नोकऱ्या देताना तुत्सींना झुकतं माप दिलं. पुढे देश स्वतंत्र झाला, सत्ता हुतू पुढाऱ्यांकडे आली आणि तोच शिक्का तुत्सींच्या विरोधात वापरला जाऊ लागला. १९९० साली परदेशात वाढलेल्या तुत्सी निर्वासितांच्या सैन्याने देशावर चाल केली. तेव्हापासून तर गावातला साधा तुत्सी शेतकरीही सरकारच्या लेखी शत्रू ठरला.

जुलै १९९३मध्ये एक नवा खासगी रेडिओ सुरू झाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘हजार टेकड्यांचा मुक्त रेडिओ’. सरकारी रेडिओ रटाळ होता. हा मात्र झकास गाणी लावायचा, चेष्टामस्करी करायचा, रस्त्यावरच्या माणसाला बोलतं करायचा. तरुण पोरांना त्याचं वेड लागलं. त्या हसण्याखिदळण्यातच तुत्सींना ‘झुरळं’ म्हटलं जाऊ लागलं. झुरळ दिसलं की आपण काय करतो, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

६ एप्रिल १९९४च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि कत्तल सुरू झाली. आता त्या रेडिओवरून माणसांची नावं सांगितली जाऊ लागली, ती कुठे लपली आहेत ते सांगितलं जाऊ लागलं. सुमारे शंभर दिवस हे चाललं. ॲलिसनबाईंच्या हिशोबाने निदान ५ लाख तुत्सी मारले गेले. इतरांचे अंदाज ८ लाख आणि त्याहूनही वरचे आहेत. याला विरोध करणाऱ्या हुतूंनाही सोडलं नाही. एका समाजाला मुळासकट संपवण्याच्या हेतूने केलेल्या अशा हत्येला वंशसंहार म्हणतात.

त्या पहिल्या रात्री ॲलिसनबाई बफेलोत होत्या. राजधानी किगालीत त्यांची मैत्रीण होती, मानवी हक्कांसाठी काम करणारी मोनिक मुजावामारिया. ॲलिसनबाई तिला पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या. सैनिक घराघरात शिरत होते. शेवटी मोनिक म्हणाली, माझ्या मुलांकडे लक्ष ठेव. आणि तिने फोन ठेवला, पुढचं मैत्रिणीच्या कानावर पडू नये म्हणून. सुदैवाने मोनिक लपून वाचली. एप्रिल संपायच्या आत दोघी मिळून अमेरिकन सरकारच्या दारात उभ्या होत्या. ॲलिसनबाईंची एक मागणी अगदी साधी होती, त्या रेडिओचं प्रक्षेपण बंद पाडा. खर्च आणि कायदा अशी कारणं पुढे करून सरकारने ते केलं नाही.

जगभरातली वर्तमानपत्रं तेव्हा लिहीत होती की या जमातींचं जुनं वैर आहे, ते उफाळून आलं. आपल्याकडेही दंगल झाली की लोक असंच म्हणतात ना? ॲलिसनबाईंना हे पटत नव्हतं. १९९३ सालीच त्या एका आंतरराष्ट्रीय चौकशी समितीबरोबर रवांडात हिंडल्या होत्या. पुरलेली प्रेतं उकरून पाहिली होती आणि तुत्सींना ठरवून मारलं जातंय असं लिहून इशारा दिला होता.

कत्तल थांबल्यावर त्या ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेतर्फे पुन्हा तिथे गेल्या. चार-पाच वर्षं त्या आणि त्यांचे सहकारी साक्षी नोंदवत होते, सरकारी कचेऱ्यांतले कागद वाचत होते. मैत्रिणींनो, आपण मासिक बैठकीचं इतिवृत्त लिहितो, तसले ते कागद होते. बैठकांची टिपणं, वरून खाली गेलेले हुकूम, खालून वर गेलेले अहवाल. खुनाला त्यात ‘काम’ म्हटलेलं. रस्ते आणि बांध दुरुस्त करायला गावाला बोलावण्याची तिथे पद्धत होती, तीच वापरून माणसं ‘कामाला’ बोलावली गेली. दहा घरांमागे एक प्रमुख असायचा, त्याच्यापर्यंत निरोप पोचत होता. कोयत्यांचा हिशोबही त्यांनी काढला. कत्तलीआधीच्या सव्वा वर्षात दर तीन प्रौढ हुतू पुरुषांमागे एक कोयता पडेल, एवढ्या आयातीचे परवाने दिले गेले होते.

सगळ्यात मोठा पुरावा बुतारे जिल्ह्याचा. तिथला जिल्हाप्रमुख तुत्सी होता. बाकी देश पेटलेला असताना त्याने जवळपास दोन आठवडे आपला बराचसा जिल्हा शांत ठेवला. मग त्याला पदावरून काढलं. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष स्वतः बुतारेत आले आणि नुसतं बघत बसणाऱ्यांना त्यांनी भाषणात सुनावलं. त्यानंतर तिथे कत्तल सुरू झाली. जुनं वैरच कारण असतं, तर ते दोन आठवडे कुणासाठी थांबलं होतं?

हे सगळं १९९९ साली जवळपास आठशे पानांच्या पुस्तकात आलं. त्याआधी आणि त्यानंतरही ॲलिसनबाई आंतरराष्ट्रीय न्यायालयात तज्ज्ञ म्हणून उभ्या राहिल्या, एकूण ११ खटल्यांत. त्यातला अकायेसू या गावप्रमुखाचा खटला आपण बायांनी लक्षात ठेवावा असा आहे. सुरुवातीला त्याच्यावर बलात्काराचा आरोपच नव्हता. साक्षीला आलेल्या एका बाईने आपल्या लेकीवर काय गुदरलं ते सांगितलं, मग आणखी बाया बोलल्या. तिघा न्यायाधीशांत बाई एकच, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले. त्यांनी नेटाने प्रश्न विचारले. आरोप वाढवला गेला. २ सप्टेंबर १९९८च्या निकालात बलात्कार हेही वंशसंहाराचं हत्यार ठरू शकतं, असं जगात पहिल्यांदा म्हटलं गेलं. त्या बायांची नावं कोर्टाने गुप्त ठेवली. निकाल मात्र त्यांच्या बोलण्यावर उभा आहे.

रेडिओवरही खटला चालला. त्यातला एक मुख्य आरोपी, रेडिओचा संस्थापक फर्दिनांद नाहिमाना, हा विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक होता. ॲलिसनबाईंनी त्याच खटल्यात साक्ष दिली. दोघांनीही आयुष्यभर एकाच देशाचा इतिहास वाचलेला. २००३ साली नाहिमानाला जन्मठेप झाली, अपिलात ती ३० वर्षांवर आली. आणि बुतारेत हत्या आणि बलात्कार घडवल्याबद्दल पुढे दोषी ठरली ती पोलिन न्यिरामासुहुको, देशाची महिला आणि कुटुंब कल्याण मंत्री. शिकलेली आहे किंवा बाई आहे म्हणून कुणी आपोआप भलं ठरत नाही.

ॲलिसनबाई एकाच बाजूच्या नव्हत्या. तुत्सींच्या सैन्याने सत्तेवर येताना निरपराध हुतूंना मारलं, तेही त्यांनी लिहिलं. दोन्ही गुन्हे सारखे आहेत असं त्यांनी म्हटलं नाही, पण मेलेल्या प्रत्येकाला न्याय हवा, एवढं म्हटलं. नव्या सरकारला ते रुचलं नाही. २००८मध्ये त्यांना रवांडात पाऊल ठेवू दिलं नाही. १२ फेब्रुवारी २००९ला बफेलोजवळ झालेल्या विमान अपघातात त्या गेल्या.

रवांडात आज ओळखपत्रावर हुतू-तुत्सी लिहिलेलं नसतं. आपल्या हातात मात्र आता रेडिओसोबत मोबाइलही आहे. कुणा जातीला, धर्माला, परगावाहून आलेल्या मजुरांना किडामुंगी म्हणणारा मेसेज हसतहसत आपल्यापर्यंत येतो आणि एका बोटाने पुढे जातो. पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि यावर बोला. असा मेसेज आपल्या गटात आला तर तो कुठे थांबवायचा, आणि पाठवणारी आपलीच मैत्रीण असेल तर तिला कोण, कसं सांगणार? जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.