स्वतंत्र मराठवाडा आणि बाबासाहेब

१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आला की अनुशेषाची चर्चा होते आणि तिच्यामागोमाग स्वतंत्र मराठवाड्याचीही. ही मागणी देशातून फुटण्याची नाही. घटनेच्या कलम ३ प्रमाणे वेगळ्या राज्याची आहे.

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तकात मराठी भाषकांची चार राज्ये सुचवली: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. मराठवाडा मध्य महाराष्ट्रात येत होता. निजामाने दुर्लक्षिलेला हा भाग पुढारलेल्या पश्चिम महाराष्ट्राला जोडला तर मागेच राहील, ही त्यांची चिंता होती.

ती खोटी ठरली नाही. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचे कबूल केले, तरी १९८४ मध्ये दांडेकर समितीला अनुशेष मोजावा लागला. कलम ३७१(२) खालील विकास मंडळ १९९४ मध्ये आले. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

पण आम्ही १९७८ विसरू शकत नाही. २७ जुलैला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या ‘अस्मिते’च्या नावाखाली आपल्याच वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

त्याच पुस्तकात बाबासाहेबांनी राज्यरचनेतल्या बहुसंख्य जातीच्या वर्चस्वाचा धोका मांडला आहे. उपायही दिला: बहुसदस्यीय मतदारसंघ आणि एकाच उमेदवाराला सर्व मते देण्याची मुभा. (पुस्तकाचा हा भाग आमच्या सभांतही क्वचितच वाचला जातो.) वेगळ्या राज्याच्या व्यासपीठावर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी पाणी आणि निधीच्या आकड्यांबरोबर हेही विचारावे: या राज्यात गावकुसाबाहेरच्यांना कोणते संरक्षण असेल?