जठराग्नीचे शमन

परप्रांतात चाकरी करणाऱ्या मराठी गृहस्थाच्या मेजाचा खण उघडला, तर टाचण्यांच्या डबीशेजारी आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी बहुधा सापडतेच. त्या पट्टीवर औषधाच्या नावापुढे 'आय. पी.' ही अक्षरे छापलेली असतात. त्या अक्षरांमागील मानदंड ठरविणारा भारतीय भेषज संहिता आयोग आम्ही राहतो त्या गाझियाबादेतच आहे. ह्या योगायोगाने त्या गोळीचा इतिहास पाहण्याची इच्छा आम्हांस झाली.

आम्लपित्त हा विकार आपल्याकडे जुना. 'काश्यपसंहिता' व 'माधवनिदान' ह्या ग्रंथांत त्याचे वर्णन आहे. शंखभस्म, कपर्दिकाभस्म ही त्यावरील औषधे मूलतः आम्ल मारणारे क्षारच होत. पश्चिमेत १८२४ साली विल्यम प्राउट ह्याने जठररसातील आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, असे दाखविले. पुढे १९१० साली कार्ल श्वार्त्झ ह्याने आम्लावाचून व्रण होत नाही, असा सिद्धान्त मांडला आणि सर्व वैद्यकाची दृष्टी आम्लावर खिळली. १९१५ पासून सिपी ह्या अमेरिकन वैद्याच्या पद्धतीने रोग्यास तासातासाला दूध, साय व क्षारचूर्णे देत. त्याने दाह शमे. पण अतिरेक झाल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडत. ज्यांना त्यानेही उतार पडेना, त्यांच्या नशिबी शस्त्रक्रिया येई.

आपल्या परिचयाच्या ज्येष्ठमधापासून केलेले कार्बेनॉक्सोलोन जठरव्रण भरून आणते, हे १९६२ साली सिद्ध झाले. परंतु त्याने अंगावर सूज येई. खरी क्रांती जेम्स ब्लॅक ह्यांनी केली. जठरपेशींस आम्ल स्रवण्याची आज्ञा देणाऱ्या हिस्टामीनचे द्वारच अडवावे, ह्या विचारातून सिमेटिडिन निर्माण झाले व १९७६ साली ते ब्रिटनमध्ये विक्रीस आले. १९८१ साली रॅनिटिडिन आले. १९८८ साली बाजारात आलेल्या ओमेप्राझोलने तर आम्ल बाहेर टाकणारा पेशीतील पंपच बंद पाडला. अन्ननलिकेत आम्ल वर येऊन जेथे जखमा होतात, तेथे ह्या औषधाचा गुण विशेष. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर कृतीवरच हक्क मान्य केला होता. म्हणून ही औषधे येथील कारखान्यांत निराळ्या कृतीने तयार होऊन सामान्यांस परवडू लागली.

तथापि मूळ प्रश्न शिल्लकच होता. औषध थांबविले की व्रण पुन्हा का उद्भवतो? ऑस्ट्रेलियात वॉरन व मार्शल ह्यांनी १९८२ साली जठरात वाढणारा एक जंतू हस्तगत केला. इतक्या तीव्र आम्लात जंतू जगेल, हे कोणास पटेना. तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतःच ते जंतू प्याले आणि जठरदाहाने आजारी पडले! बहुतेक व्रणांचे मूळ हा जंतू अथवा वेदनाशामक गोळ्या, हे पुढे सर्वमान्य झाले व २००५ साली उभयतांस नोबेल पारितोषिक मिळाले. आता आम्लशामकाच्या जोडीने प्रतिजैविके दिली की जंतूचा नायनाट होऊन व्रण बहुधा कायमचा बरा होतो. पाऊण शतक आपण आग विझवीत होतो; ती लावणारा मात्र घरातच बसला होता.

औषधांवरही पहारा लागतो. २०१९ साली रॅनिटिडिनमध्ये कर्करोगास कारण होऊ शकणारे द्रव्य आढळले. २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढविले आणि २०२२ साली ते आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीतून वगळले गेले. ओमेप्राझोलच्या वर्गातील औषधांनी मूत्रपिंडास इजा होण्याचा संभव माहितीपत्रकात नमूद करावा, अशी सूचना २०१९ साली आपल्या उत्पादकांस देण्यात आली. औषधांच्या दुष्परिणामांची देशभरातून येणारी वृत्ते २०११ पासून ह्याच गाझियाबादेतील आयोगाकडे जमा होतात. ती पाठविण्याचा अधिकार रोग्यासही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ह्या औषधांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी असंख्यांस शस्त्रक्रियेपासून वाचविले आहे. परंतु बदलीच्या गावी ओळखीचा वैद्य नसतो, रजा मिळत नाही, आणि दुकानातून आणलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. जळजळ थांबली म्हणजे विकार गेला, अशी समजूत आपण करून घेतो. वैद्यकशास्त्रालाही हाच भ्रम दीर्घकाळ होता. शास्त्राने तो टाकला. आपणही एक दिवसाची रजा काढून वैद्यास कारण विचारावे, हे बरे. काळी शौचास होणे, वजन घटणे किंवा घास अडकणे असे काही असेल, तर त्या रजेस विलंब लावू नये.